प्रश्न आपले : बोलणे दोन वाक्यांतच का संपते?

गेल्या अंकात या सदरासाठी पत्रे मागवताना विषय मोकळा ठेवला होता. तरीही इंदूरच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या पत्रांत एकच तक्रार वारंवार दिसली. माणसे भेटतात, पण बोलणे होत नाही. झालेच तर 'काय, कसं काय?' आणि 'ठीक' एवढ्यावर आटोपते. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक पत्रलेखकांनाही लागतील अशा गोष्टी त्यात आल्या आहेत.

प्रश्न : माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. लग्न होऊन लोकमान्य नगरात आले त्याला दोन वर्षे होतील. माहेरी मी बडबडी म्हणून प्रसिद्ध होते. इथे मात्र हळदीकुंकवाला किंवा नातेवाइकांकडे गेले की बायका विचारतात, 'काय, इंदूर आवडलं का?' मी म्हणते, 'हो, आवडलं.' मी विचारते, 'तुम्ही कशा आहात?' त्या म्हणतात, 'मजेत.' मग दोघी गप्प. घरात सगळे एकदम बोलतात, मध्येच हिंदीत जातात, आणि मी तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. सून शिष्ट आहे, असे माझ्या कानावर आले आहे. हे म्हणतात, 'बोलत जा ना.' पण बोलू काय?

उत्तर : 'इंदूर आवडलं का?' असे विचारणाऱ्या बाईला आपल्याकडून शहराविषयीचा अभिप्राय नको असतो. पोलंडमध्ये जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लॉ मालिनोव्स्की यांनी न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर बराच काळ काढला होता; १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी असे दाखवून दिले की हवापाणी, ख्यालीखुशाली, 'कुठे निघालात?' अशा बोलण्यातून कोणी कोणाला काही कळवत नसते. आपल्यात सलोखा आहे, एवढेच दोन माणसे त्यातून परस्परांना जाणवून देत असतात. त्यामुळे 'हो, आवडलं' हे उत्तर खरे असूनही अपुरे पडते, कारण समोरच्या बाईला त्यात पुढे धरून बोलण्यासारखे काहीच मिळत नाही. त्याऐवजी, 'आवडलं, पण पोह्यांवर शेव, वर जिरावण मसाला आणि सोबत जिलबी, हे मला अगदी नवीन होतं. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं घालतात,' असे म्हणून पाहा. आता ती बाई आपल्या घरच्या जिरावणाचे प्रमाण सांगेल, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गेलात का म्हणून विचारील, नाहीतर तिच्या जाऊबाई कोकणातून आल्या तेव्हा पहिले वर्षभर जिलबी बाजूला काढून ठेवत, ही हकीकत सांगेल. उत्तरात एक तपशील पुरतो, आणि तो जितका लहान व घरगुती तितका चांगला. मोठी मते मांडण्याची ही जागा नव्हे. इंदूरची आणि सांगलीची तुलना निघालीच, तर सांगली वरचढ ठरणार नाही एवढे मात्र सांभाळा, निदान पहिली काही वर्षे.

आता आपण विचारता त्या प्रश्नाकडे वळू. 'कशा आहात?' याला 'मजेत' याखेरीज दुसरे उत्तर देण्याची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे तो प्रश्न विचारून झाल्यावर दोघींनी गप्प होणे ओघानेच आले. ज्याचे उत्तर केवळ त्याच बाईला देता येईल असा प्रश्न विचारावा, आणि त्यानंतरचा प्रश्न तिने दिलेल्या उत्तरातूनच उचलावा. चांगल्या बोलण्याची म्हणून जी काही युक्ती आहे ती बहुतांशी या दुसऱ्या भागात आहे. समजा, एखाद्या वयस्क आत्याबाई म्हणाल्या, 'आमच्या वेळी अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला आम्ही रात्रभर जागायचो.' यावर आपण 'हो का? छान!' म्हटले की विषय तेथेच मिटला. 'आमच्या सांगलीचा गणपतीही फार मोठा असतो बरं का' असे म्हटले, तर विषय चालू राहतो, पण तो आत्याबाईंच्या हातातून निघून आपल्या हातात येतो. 'कुठे उभ्या राहायचात तुम्ही? घरातलं कुणी मिलमध्ये होतं का?' असे विचारले, तर मात्र आत्याबाई पुढचा अर्धा तास बोलतील, आणि येथल्या कापड गिरण्यांचे कामगार रोषणाईचे देखावे कसे उभारत, १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडल्यावरही कामगारांनी झांकीची परंपरा कशी सोडली नाही, हे आपल्याला ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे अशा माणसाकडून कळेल. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी १९७९ साली हाच भेद मांडला होता: काही उत्तरे बोलणे स्वतःकडे वळवून घेतात आणि काही उत्तरे बोलणाऱ्याला बोलते ठेवतात. पहिल्या प्रकारच्या उत्तरांत वाईट हेतू नसतो. 'मलाही तसंच वाटतं' हे सांगण्याचीच ती धडपड असते. पण ऐकणाऱ्याला ते तसे पोहोचत नाही.

दुसऱ्या प्रकाराचाही अतिरेक होतो, हे येथेच सांगितले पाहिजे. एकामागून एक प्रश्न विचारत राहिले आणि स्वतःविषयी काहीच सांगितले नाही, तर आत्याबाईंना आपली जबानी घेतली जात आहे असे वाटू लागेल, आणि घरी गेल्यावर 'सून फार खोदून खोदून विचारते' अशी नवी ख्याती पसरेल. दोन प्रश्नांनंतर सांगलीच्या गणपतीला खुशाल येऊ द्यावे. तेव्हा तो कोणाला खटकणार नाही, कारण आत्याबाईंचे सांगणे तोवर मनाजोगे झालेले असेल.

घरात सगळे एकदम बोलतात, ही अडचण वेगळी आहे आणि ती आपल्या स्वभावाशी निगडित नाही. २००९ साली दहा भाषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न आणि त्याचे उत्तर यांमध्ये जाणारा वेळ मोजला होता. तो सरासरीने सेकंदाचा साधारण पाचवा भाग भरला. एखाद्या वस्तूचे नाव मनात येऊन ते तोंडावाटे बाहेर पडायलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपण आपले वाक्य जुळवायला घेतलेले असते. अशा वेगात जो माणूस पूर्ण शांतता होण्याची वाट पाहतो त्याची पाळी येतच नाही. शिवाय पुष्कळ घरांत एकमेकांच्या बोलण्यावर बोलणे हा उद्धटपणा समजत नाहीत. न्यूयॉर्कच्या काही माणसांच्या अशाच बोलण्याचा अभ्यास करून भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनेन यांनी म्हटले होते की अशा लोकांच्या दृष्टीने मध्ये बोलणे ही ऐकत असल्याची खूण असते. आपले सासर त्या पंथातले दिसते. तेथे पूर्ण वाक्य घेऊन शिरण्याची घाई करू नये, 'अगं बाई!', 'मग?', 'काय सांगता!' एवढे उद्गार वेळच्या वेळी टाकत राहिले तरी आपण बैठकीत आहोत हे सर्वांना जाणवते आणि चार-सहा उद्गारांनंतर कोणीतरी आपल्याकडे वळून बोलू लागते. सगळ्यांशी एकदम बोलण्यापेक्षा एकीच्या शेजारी बसावे. त्यातही हाताला काम असेल तर अधिक सोपे जाते: हिवाळ्यात कचोरीसाठी मटार सोलायला बसलेल्या दोन बायकांना एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसावे लागत नाही, मध्ये गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही, आणि बोलणे आपोआप सुचते.

राहिला प्रश्न हिंदीचा. १८१८ साली होळकरांची राजधानी इंदूरला आली त्याच्याही आधीपासून माळव्यातली मराठी घरे माळवीच्या आणि हिंदीच्या शेजारी राहत आली आहेत, आणि तो शेजार त्यांच्या बोलण्यात दिसणारच. त्यांच्या मराठीकडे चुकांची यादी करण्याच्या नजरेने पाहू नये आणि आपल्या हिंदीची लाजही बाळगू नये. 'हे हिंदीत कसं म्हणतात हो?' हा प्रश्न तर बोलणे सुरू करण्यासाठी फारच सोयीचा आहे, कारण कोणालाही शिकवायला आवडते.

प्रश्न : वय २४. सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत नोकरीला आहे. दुपारी सगळे एकत्र डबा खातात. मी बोलतो, नाही असे नाही; पण जागेवर परत आलो की आपण किती मूर्खासारखे बोललो हेच डोक्यात फिरत राहते. त्यांना माझा कंटाळा येत असणार अशी खात्री वाटते, म्हणून हल्ली मी डबा उशिरा उघडतो.

उत्तर : ही खात्री पुराव्यावर उभी आहे का, हे आधी पाहू. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अनोळखी माणसांच्या जोड्या लावून त्यांना गप्पा मारायला बसवले, आणि नंतर प्रत्येकाला वेगवेगळे विचारले की समोरची व्यक्ती तुम्हाला किती आवडली आणि तिला तुम्ही किती आवडला असाल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सातत्याने कमी आले. म्हणजे माणसे समोरच्याला प्रत्यक्षात जेवढी आवडली होती तेवढी आपण आवडलो असू असे त्यांना वाटतच नव्हते. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही ही तफावत अनेक महिने टिकून राहिली. कारण समजण्यासारखे आहे. बोलताना अडखळलेला शब्द, फसलेला विनोद, सुचूनही न बोललेले वाक्य, या सगळ्याची नोंद आपल्यापाशी असते. समोरच्यापाशी ती नसते, कारण तो त्या वेळी स्वतःच्या अडखळलेल्या शब्दांची नोंद करण्यात गुंतलेला असतो.

दुसरे असे की बोलणे सुरू होण्याआधीच आपण त्याचा निकाल लावतो. शिकागोच्या लोकलने रोज जाणाऱ्या प्रवाशांवर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी केलेले प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. अनोळखी माणसाशी बोलण्यापेक्षा एकटे बसणे बरे वाटेल, असा प्रवाशांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितले त्यांचा प्रवास अधिक आनंदात झाला. (इंदूरच्या माणसाला हे सांगायला शिकागोहून कोणी यावे लागते, याची गंमत वाटते. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री अकरा वाजता भुट्ट्याच्या किसाच्या रांगेत उभे राहिले की शेजारचा माणूस ओळख नसतानाही 'भिया, पहले यहां का खाया है?' म्हणून विचारतोच.)

उशिरा डबा उघडणे तेवढे बंद करा. न बोलण्याने भीती कमी होत नाही. ती तपासून पाहण्याची संधीच जाते. टेबलावर काही चमकदार बोलण्याचा आग्रहही सोडून द्या आणि त्याऐवजी दुसऱ्यांनी सहज बोललेले एक वाक्य लक्षात ठेवा. शुक्रवारी एखादा सहकारी म्हणाला असेल की वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी उज्जैनला जायचे आहे. सोमवारी त्याला नुसते 'क्या हाल?' विचारू नका. 'उज्जैन हो आए? पापा की आंख कैसी है अब?' एवढे विचारा. हे वाक्य कोणालाही मूर्खपणाचे वाटत नाही, आणि ते बोलल्याचा पश्चात्ताप आपल्यालाही होणार नाही.

मात्र चारचौघांत बोलण्याच्या कल्पनेनेच छाती धडधडत असेल, घाम फुटत असेल, त्यापायी बैठका आणि समारंभ टाळले जात असतील, आणि हे कित्येक महिने चालले असेल, तर त्याला नुसता लाजाळूपणा म्हणून सोडून देऊ नये. त्यावर परिणामकारक उपचार आहेत, त्यांत विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे जाण्याआधी कोणाशी तरी बोलून पाहायचे असेल, तर भारत सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता, सुदामा नगरात राहतो. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. फोनवर आमचे बोलणे ठरलेले असते: 'जेवलास का? तब्येत बरी ना? पाऊस आहे का? आईला देतो.' मागे एकदा तो आपणहून ऑफिसमधल्या कटकटीबद्दल बोलू लागला. मी त्याला चार उपाय सांगितले, तर म्हणाला, 'जाऊ दे बाबा, तुम्हाला नाही कळणार.' उपाय चुकीचे नव्हते. त्याच्या आईशी तो तासभर बोलतो. बापाने बोलायचे कसे?

उत्तर : उपाय बरोबर असतीलही, त्याने ते मागितले नव्हते. आपल्या पिढीतल्या अनेक वडिलांनी मुलांवरची माया कामे करून दाखवली: फी भरली, सायकल दुरुस्त केली, प्रवेशाच्या रांगेत उभे राहिले. म्हणून मुलाने अडचण सांगितली की हात आपोआप हत्यारपेटीकडे जातो. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा वडिलांना ऑफिसमधली कटकट सांगतो तेव्हा बहुधा त्याने चार उपाय स्वतःच करून पाहिलेले असतात, आणि ते पुन्हा ऐकताना त्याला असे वाटते की आपल्याला एवढेही सुचले नसेल, असे बाबांनी गृहीत धरले.

मानसोपचाराच्या क्षेत्रात कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ साली लक्षपूर्वक ऐकण्याची एक पद्धत लिहून ठेवली: सल्ला थोपवून धरायचा, बोलणाऱ्याच्या शब्दांमागे जे आहे ते समजून घ्यायचे आणि आपल्याला काय समजले ते त्याला बोलून दाखवायचे. पुढे प्रशिक्षणवर्गांतून तिचे पोपटपंचीत रूपांतर झाले, आणि 'म्हणजे तुला राग आला आहे, असे मला समजते' यासारखी वाक्ये लोक घोकू लागले. असे वाक्य इंदूरच्या बापाने पुण्याच्या मुलाला ऐकवले, तर तो 'बाबा, बरं आहे ना तुम्हाला?' म्हणून विचारील. आपल्या बोलण्यात हेच काम अगदी साध्या वाक्यांनी होते. 'म्हणजे काम तू केलंस आणि बैठकीत नाव दुसऱ्याचंच घेतलं?' 'म्हणजे दोन्हीकडून अडचण झाली म्हण की.' अशा वाक्यानंतर थांबावे. तो 'हो ना!' म्हणून पुढे बोलला, तर आपल्याला नेमके समजले होते. 'नाही बाबा, तसं नाही' म्हणून समजावू लागला, तरीही बोलणे पुढे गेलेच. मग उपाय सांगितल्यावाचून राहवत नसेल, तर एकदा सरळ विचारून घ्यावे: 'नुसतं ऐकू, का काही सुचवू?' फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे आपण मान डोलावलेली त्याला कळत नाही. म्हणून 'हं', 'बरं', 'अच्छा, मग?' हे तोंडाने म्हणणे समोरासमोर बोलताना लागते त्यापेक्षा तेथे अधिक लागते.

जेवणाच्या आणि पावसाच्या प्रश्नांना मी नावे ठेवणार नाही, ते राहू द्या. त्यांच्या पाठोपाठ एक असा प्रश्न ठेवा जो मागच्या फोनवरून निघालेला आहे: 'घरमालक पाण्यावरून त्रास देतो म्हणाला होतास, त्याचं काय झालं?' लक्षात राहत नसेल, तर फोनशेजारच्या डायरीत लिहून ठेवायला हरकत नाही. अभियंत्याने आयुष्यभर साइटच्या नोंदी ठेवल्या, तर मुलाच्या दोन ओळी ठेवण्यात कमीपणा कसला? त्याच्या आईशी तो तासभर का बोलतो, याचाही थोडा शोध घ्या. माझा अंदाज असा की आई त्याला स्वतःचे काहीतरी सांगत असेल: सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत आली तेव्हा ओला कचरा सुक्या डब्यात टाकला म्हणून समोरच्यांना गाडीवाल्याने कसे बोल लावले, भाजीवाला काय म्हणाला, गुडघा कसा दुखतो. आपण त्याला स्वतःचे काय सांगता? निवृत्तीनंतरची दुपार कशी जाते, मोबाइलवरून वीजबिल भरताना कोठे अडते, लहानपणी आपल्या वडिलांशी आपले बोलणे कसे होई, यांपैकी एखादी गोष्ट सांगून पाहा. आणि एखाद्या बाबतीत त्याचाच सल्ला मागा. सल्ला देण्यात जे सुख असते ते आपल्याला ठाऊक आहेच. त्याला ते घेऊ द्या.

प्रश्न : मला लोकांना हसवता येत नाही. चांगले बोलता यावे म्हणून विनोद आणि शेर पाठ करावेत का? – एक विद्यार्थी

उत्तर : नको. पाठ केलेला शेर म्हणण्याची संधी शोधत बसलेला माणूस समोरच्याचे ऐकत नाही, आणि ते त्याच्या डोळ्यांवरून लगेच कळते. दुसऱ्याच्या विनोदाला मनापासून हसणारा माणूस कोणत्याही बैठकीत हवाहवासा असतो, आणि त्याला पाठांतर लागत नाही.

प्रश्न : माझे सासरे पूर्वी राजवाड्यापासून घरापर्यंत येताना दहा माणसांशी बोलत येत. दोनेक वर्षांपासून ते घरातल्या मंडळींत गप्प बसतात, टीव्ही मोठ्याने लावतात, विचारलेले एक आणि उत्तर भलतेच देतात, हटकले की चिडतात. एकट्याशी मात्र बरे बोलतात. सगळे म्हणतात, वयाने स्वभाव बदलला. त्यांना पुन्हा बोलते कसे करावे?

उत्तर : स्वभावाकडे जाण्याआधी कानांकडे जा. आपण लिहिलेली सगळी लक्षणे वयोमानाने कमी होणाऱ्या श्रवणशक्तीची असू शकतात, आणि 'एकट्याशी बरे बोलतात' हे त्यांतले सर्वांत बोलके आहे. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येणे कमी होते. स, श, फ, थ अशा व्यंजनांची ओळख त्याच आवाजांवर अवलंबून असते, तर स्वर खालच्या पट्टीत असतात. म्हणून अशा माणसाला कोणीतरी बोलते आहे हे ऐकू येते, पण काय बोलते आहे ते उमगत नाही. त्यात मिक्सर, पंखा आणि चार जणांचे एकदम बोलणे मिसळले की तो अंदाजाने उत्तर देतो, ते चुकते, मुले हसतात, आणि पुढच्या वेळी तो गप्प राहणे पसंत करतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी आणि श्रवणचाचणी करून घ्यावी. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढला की काम भागते. श्रवणयंत्र सुचवले गेले, तर पहिल्याच दिवशी ते कपाटात जाऊ देऊ नये. मेंदूला त्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि यंत्र पुन्हा जुळवून घेण्यासाठी एक-दोन खेपा घालाव्या लागतात. ही टाळाटाळ करण्याची गोष्ट नाही: 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांबाबत काही करता येण्याजोगे आहे अशा कारणांत कमी ऐकू येण्याचा समावेश केला आहे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र दिवस न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

घरच्यांनी त्यांच्या समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसून, टीव्ही बंद करून बोलावे. ओरडू नये, कारण ओरडण्याने शब्द अधिकच विरूप होतात. एकदा सांगितलेले कळले नाही, तर तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलून सांगावे. विषय बदलला की 'आता आपण रंगपंचमीच्या मिरवणुकीबद्दल, गेरबद्दल बोलतोय' एवढे त्यांना सांगावे. आणि त्यांनी 'काय म्हणालात?' विचारले असता 'काही नाही, जाऊ द्या' असे कोणीही म्हणू नये. म्हाताऱ्या माणसाला बैठकीतून उठवणारे याहून नेमके वाक्य मला माहीत नाही.

प्रश्न : सगळे बोलायचे कसे ते विचारत असतील; मला थांबायचे कसे ते सांगा. शेजारच्या काकू सकाळी दहाला ओटल्यावर येतात आणि बारापर्यंत बोलतात. माणूस चांगले आहे, दुखवायचे नाही. पण माझा स्वयंपाक राहतो.

उत्तर : आपण एकट्या नाही. ॲडम मॅस्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोघांनाही हवे होते त्याच वेळी संपलेली संभाषणे शंभरात जेमतेम दोन निघाली. कित्येकदा दोघांनाही उठायचे असते, आणि समोरच्याला अजून बोलायचे आहे असे समजून दोघेही बसून राहतात. काकूंच्याही घरी स्वयंपाक असेलच.

आपल्याकडे 'बरं, येते हं' हे म्हणून झाल्यावर दारात उभ्याने आणखी अर्धा तास बोलण्याची प्रथा आहे, त्यामुळे सूचक बोलण्यावर विसंबू नका. घड्याळाकडे पाहणे तर अजिबात नको. ते कळते, आणि लागते. वेळ सुरुवातीलाच सांगून टाका: 'या काकू, बसा. साडेदहाला मला कुकर लावायचा आहे, तोवर बोलू.' साडेदहा वाजले की नुसते 'बरं मग' म्हणण्याऐवजी त्यांनी शेवटी सांगितलेल्या गोष्टीचा उल्लेख करून उठा: 'नातवाच्या निकालाचं उद्या नक्की सांगा हं, आता मी आत जाते.' त्यामुळे बोलणे तोडले असे वाटत नाही, ते उद्यावर ठेवले असे वाटते. काकू रोज दोन तास येतात त्याअर्थी त्यांच्या सकाळी रिकाम्या असाव्यात. तसे असेल, तर आठवड्यातून एकदा दुपारचा चहा आपणच ठरवा, आणि बोलावताना उठण्याची वेळही त्याच वाक्यात घाला: 'गुरुवारी चारला या, पाचला मला मुलाला क्लासला सोडायचं आहे.' एवढ्यावरही सकाळचे येणे चालूच राहिले, तर त्यांच्यासमोर मेथीची जुडी आणि एक ताट ठेवा. निवडता निवडता बोलू द्या, म्हणजे निदान भाजी तरी होईल.